विज्या, चाकं करून देशील का?

प्रिय विज्या,

तुझे सगळे मेसेज मिळाले. शेवटचा "जिवंत आहेस का, का तुलाही विकलं?" हासुद्धा. जिवंत आहे. शुगर काठावर, पाठ दुखते, घरचे मजेत. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू आधी "किती मिळाले?" विचारणार, मी चिडणार, आणि बोलायचं ते राहून जाणार. म्हणून आधी तेच उरकतो.

आमची रोबो बनवणारी कंपनी विकली गेली तेव्हा पेपरात आलेला आकडा कंपनीचा होता, माझा नव्हे. गुंतवणूकदारांचे शेअर 'प्रेफर्ड', त्यांचे पैसे आधी निघतात. उरलंसुरलं आम्हा 'कॉमन' वाल्यांत वाटायचं, आणि त्यातलाही एक हिस्सा एस्क्रोत, म्हणजे तिऱ्हाइताच्या खात्यात, अडकवून ठेवतात, म्हणजे घेणाऱ्याला मागाहून काही भानगड सापडली तर त्यातून कापून घेता येईल. कर जाऊन हातात आलं त्यात आईच्या घराचा स्लॅब होईल आणि गच्चीवरची टाकी. उद्यमनगरात तुझ्या मामांनी मी कोट्यधीश झाल्याची हवा केली आहे म्हणे. तिचा खुलासा तूच कर, माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?

आता मुद्दा. हे तुलाच लिहितोय, कारण तुझ्या शेडमध्ये कोपऱ्यात ताडपत्रीखाली ते व्हीएमसी, कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन, उभं आहे. बनवणारी कंपनी दुसरीनं घेतली, मग सर्व्हिसवाला येईनासा झाला, मग कंट्रोलरचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही असं कळलं. तेव्हा तू मला रात्री फोन करून ज्या गाढवानं तो पासवर्ड घातला त्याच्या सात पिढ्या उद्धारल्या होत्यास. लेका, इथे तो गाढव मी आहे.

कंपनी विकली गेली याचा इथे कुणाला धक्का बसला नाही. बोस्टनच्या बाहेर या १२८ नंबरच्या रस्त्याच्या पट्ट्यात रोबोवाल्यांची हीच रीत आहे. किवा आठवते? त्या बुटक्या नारिंगी रोबोंचा व्हिडिओ तूच मला पाठवला होतास. शेल्फ उचलताना खालचा रोबो स्वतःभोवती फिरतो आणि वरचं शेल्फ जागचं हलत नाही, हे तू मागे नेऊन नेऊन पाहत होतास. ती २०१२ मध्ये अॅमेझॉननं ७७.५ कोटी डॉलरला घेतली आणि पुढे बाहेरच्यांना विकणं थांबलं. तिचे रोबो वापरणाऱ्या क्वाएट लॉजिस्टिक्सनं मग स्वतःच रोबो बनवायला घेतले, त्यातून लोकस निघाली. किवातून बाहेर पडलेल्यांनी सिक्स रिव्हर काढली, तीही २०१९ मध्ये शॉपिफायनं घेतली आणि २०२३ मध्ये ओकाडोला देऊन टाकली. बोस्टन डायनॅमिक्स तर गूगलकडून सॉफ्टबँककडे आणि तिथून ह्युंदाईकडे गेली. आमच्याकडे निम्मे लोक या सगळ्यातून एकदा तरी गेलेले. बातमी आली त्या दिवशी एक जण शांतपणे म्हणाला, "बरं झालं, जेवण सुधारेल." जेवण खरंच सुधारलं.

बिघडलं ते पुढे. नव्या मालकांना आमचे रोबो स्वतःच्या गोदामांसाठी हवेत. जुन्या पार्ट्यांचे करार संपतील तसे संपू द्यायचे, नवे करायचे नाहीत. माणसं, पेटंटं, कोड सगळं घेतलं, उभ्या पिकासकट शेत घ्यावं तसं, आणि बांधावर जे वर्षानुवर्षं राबले त्यांना म्हणायचं, आता तुम्ही निघा. कागदोपत्री यात काहीही चूक नाही. करारात तसंच लिहिलेलं आहे, मी पुन्हा वाचून पाहिलं.

पेनसिल्व्हेनियात आमची एक जुनी पार्टी आहे, शाळांना वह्या-पुस्तकं पुरवते. आमचे रोबो दिवसातून दोनदा रॅकला धडकायचे त्या काळात यांनी ते घेतले आणि परत पाठवले नाहीत. तिथली फ्लोअर सुपरवायझर साठीची असेल. प्रत्येक रोबोवर मास्किंग टेप लावून तिनं मार्करनं नावं लिहिली आहेत. एकाचं नाव 'आजोबा', कारण वळताना त्याचं डावं चाक कण्हतं. मी गेलो की ती आधी मला त्याच्याकडे नेते, मग कॉफी विचारते.

त्या चाकाचं सांगतो, कारण सगळा घोळ त्या चाकातच आहे. अॅल्युमिनियमचा हब, त्यावर पीयूचं (पॉलियुरेथेनचं) अस्तर, व्यास २०० मिलिमीटर. काँक्रीटवर पळून पळून पीयू झिजतं. व्यास दोन मिलिमीटरनं कमी झाला की एक टक्का गेला. एन्कोडर चाकाचे फेरे मोजतो, त्यामुळे रोबोला वाटतं आपण दहा मीटर आलो, आणि प्रत्यक्षात तो दहा सेंटिमीटर मागे असतो. लायडर, म्हणजे लेझरनं आजूबाजू पाहणारा सेन्सर, नकाशाशी ताडून चूक भरून काढतो, पण लांबलचक आयलमध्ये दोन्ही बाजूंना तेच ते रॅक, मग तो तरी कशावरून ओळखणार? म्हणून चाक बदललं की नवा व्यास सिस्टिममध्ये भरावा लागतो. तो भरायचा स्क्रीन मी लिहिला. त्याला सर्व्हिस लॉगिनही मीच लावलं, कारण सुरुवातीला एका ठिकाणी कुणीतरी मिलिमीटरच्या जागी इंच भरले होते. करार संपला की ते लॉगिन मरतं.

म्हणजे बघ, चाक कुणीही करील. तुझा तो मिस्त्री तर डोळे झाकून करील. पण त्याचा आकडा कुणाला भरता येणार नाही. आजोबा चांगल्या चाकावर उभे राहून आयलमध्ये हरवत राहतील आणि शेवटी ताडपत्रीखाली जातील.

आता हसू नकोस. हो, मला २००८ आठवलं. रोबोकॉनची, आपल्या त्या कॉलेजांच्या रोबो स्पर्धेची, आंतरराष्ट्रीय फायनल पुण्यात, म्हणून थीम 'गोविंदा', मडक्यातलं लोणी काढायचं, आणि आपण नॅशनलच्या आदल्या रात्री पुण्याच्या एमआयटीच्या कॉरिडॉरमध्ये वर्तमानपत्रं अंथरून झोपलेलो. मी झोपल्यावर तू चाकांना सायकलची ट्यूब चढवलीस, ग्रिप यावी म्हणून. मला न सांगता. सकाळी रोबो मडकं सोडून पंचांकडे निघाला. तू आजही म्हणतोस की वरच्या लाइटमुळे सेन्सर आंधळे झाले. लाइटचा काही संबंध नव्हता, विज्या. व्यास वाढला होता. काकूंनी डब्यात दिलेल्या धपाट्यांवरून आपण त्या दिवशी बोललो, बाकी परतीच्या एसटीत कोल्हापूर येईपर्यंत एक शब्द नाही.

तर मी मागणी केली आहे की शेवटच्या रिलीजमध्ये तो स्क्रीन पार्ट्यांसाठी खुला करा. नुसता आकडा भरायला द्यायचाच नाही. जमिनीवर दोन खुणा करायच्या, रोबोला त्यांच्यामधून सावकाश सरळ चालवायचं, खरं अंतर टेपनं मोजून टाकायचं, व्यास तो स्वतः काढेल. उत्तर फारच वेगळं आलं तर घेणारच नाही. कोड तयार आहे. नव्या मालकांकडून आलेली एक बाई हे ठरवते. वयानं आपल्यापेक्षा लहान, हुशार, बोलायला चांगली. (खडूस असती तर सोपं गेलं असतं.) तिचं म्हणणं, पार्टीनं स्वतः काही बदललं आणि कुणाला लागलं तर जबाबदार कोण? प्रश्न रास्त आहे. मी म्हटलं, माणूस आडवा आला की थांबवणारा सेफ्टी स्कॅनर वेगळा, त्याचं सर्किट वेगळं, हा आकडा चुकला तर रोबो फार तर चुकीच्या रॅकपुढे जाऊन थांबेल. तिनं ऐकून घेतलं, नोट केलं, आणि मीटिंग संपली. दुसऱ्या दिवशी माझ्या साहेबानं चहाला नेऊन विचारलं, "तुला नक्की काय हवंय?" त्यांना वाटतंय मी कशासाठी तरी भाव वाढवतोय.

खरंच काय हवंय हे मलाही नीट सांगता आलं नाही. रिटेन्शन बोनस आहे, तो इथे टिकून राहिलो तर मिळणार. ग्रीन कार्डची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख, २०१४ ची. ती दुसरीकडे गेलो तरी सुटत नाही, पण नव्या कंपनीला पर्मपासून, म्हणजे लेबर सर्टिफिकेटपासून, सगळं परत करावं लागतं, आणि सध्या ती उस्तवार कोण करतो? सौ. म्हणते, "तुझं एक चाक, आणि आमचं सगळं घर त्यावर." तिचंही खरं आहे. तू म्हणशील, नोकरी करायची आणि वर मालकीची भाषा बोलायची. हे तू मला पंचगंगेच्या घाटावरही ऐकवलं होतंस, मी निघायच्या आदल्या संध्याकाळी, आणि वर भेळेचे पैसे मला द्यायला लावले होतेस.

मंगळवारी पुन्हा मीटिंग आहे. मी बोलणार आहे. नाही म्हणाले तर मेलवर लेखी 'नाही' मागणार आहे, एवढंच सध्या ठरलंय. ड्रॉइंग बाहेर देणार नाही, ती चोरी होईल. पण पेनसिल्व्हेनियातल्या त्या सुपरवायझर बाईंच्या गोदामात जुनं झिजलेलं चाक पडलेलं आहे, ते त्यांचं स्वतःचं आहे, आणि ते मोजून तसंच दुसरं करून घ्यायला त्यांना माझी परवानगी लागत नाही. ते कुणाकडून करून घ्यावं हे त्यांनी मला विचारलं नाही. मीही अजून काही बोललेलो नाही. आधी वकिलाला विचारणार.

तुझं काय? काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे तुझ्या बहिणीकडून कळलं, तू कळवलं नाहीस. त्यांना जिना चढू देऊ नकोस. पोरगी मेकॅनिकल म्हणत असेल तर घेऊ दे, सगळे कॉम्प्युटरला गेले तर चाकं कोण करणार? फाउंड्रीचं वीजबिल, जीएसटीची नोटीस, सगळं सविस्तर लिही, मी वाचतो.

आणि एक कर. २०० मिलिमीटर व्यास, ५० रुंदी, पीयू अस्तर, कडकपणा शोअर ए ९०च्या आसपास, चोवीस नगांचं कोटेशन काढून ठेव. कुणासाठी ते विचारू नकोस. जीएसटी धरून काढ, मागच्या वेळसारखं पोरखेळ करून नंतर वाढवू नकोस.

तुझा,
सुध्या