आधी चौकट ठोकून बघ

वाशी,
५ जुलै

प्रिय नंदू,

नौपाड्यातल्या घराची किल्ली मिळाली म्हणे! पेढे नंतर. जुनी इमारत, त्यात तळमजला, तेव्हा सुताराला आत घेण्याआधी दरवाज्यांच्या चौकटी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने खालपासून वरपर्यंत ठोकून बघ. पोकळ वाजलं तर आतलं लाकूड वाळवीने खाल्लंय, रंगाचा नुसता पापड उरलाय असं समज.

आमचं ऐक. गेल्या वर्षी जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या किड्यांची झुंबड उडाली. आई म्हणाली, "पावसाळी किडे, दिवे घालवा." सकाळी खिडकीत पंखांचा खच. ती वाळवी होती हे कळायला गणपती उजाडले. मखराचं सामान काढायला भिंतीतलं कपाट उघडलं, तर बाबांच्या डायऱ्या बाहेरून शाबूत, आत माती. हातात पुठ्ठेच आले. बाबा काही बोलले नाहीत. झाडू घेऊन आले.

मग माझा शहाणपणा. भिंतीवरची मातीची नळी खरवडली, रंगकामातलं उरलेलं टर्पेंटाइन ओतलं. आठ दिवसांत पलीकडच्या चौकटीवर नवी नळी! अरे, वाळवीचं बिऱ्हाड जमिनीत. अंग इतकं नाजूक की कोरड्या हवेत टिकत नाही, म्हणून तो मातीचा बोगदा. (पांढरी मुंगी म्हणतात खरं, पण कूळ झुरळाचं!) आणि तिला लागणारी ओल आम्हीच पुरवत होतो. कपाटामागे बाथरूमचा पाइप झिरपत होता. म्हणून आधी प्लंबर, मग पेस्ट कंट्रोल.

पहिला पेस्ट कंट्रोलवाला कडेकडेने फवारून, वॉरंटीचा कागद देऊन गेला. तसं चालत नाही. भिंत आणि लादी जिथे मिळते तिथे फुटाफुटावर १२ मिलिमीटरची भोकं पाडून औषध खाली जमिनीत मुरवावं लागतं, मग व्हाइट सिमेंटने बुजवायचं. औषध कुठलं ते विचार. आमच्याकडे दुसऱ्याने इमिडाक्लोप्रिड घातलं. त्याचा वाळवीला सुगावाच लागत नाही, ती त्यातूनच ये-जा करते आणि अंगाला लागलेलं इतरांनाही देते. त्यामुळे लगेच मेलेली दिसली नाही तरी भांडू नकोस, मी भांडलो होतो. ड्रिल लावण्याआधी पाण्याचे पाइप आणि वायरी कुठून गेल्यात ते मात्र दाखव. तुझा फिशटँक त्या दिवशी शेजारी ठेव.

बाबांनी आता लोखंडी कपाट घेतलंय, भिंतीपासून चार बोटं लांब. त्यात अजून तरी फक्त विजेची बिलं आहेत.

तुझा,
शिऱ्या