पेला माझ्याकडेच राहिलाय, काकू

गोव्यातली मॅरेथॉन: ४२.१९५ किलोमीटर, सपाट रस्ता, बाजूला मांडवी नदी. वाटलं, निघून जाईल आरामात. पण सपाटीवर तेच तेच स्नायू राबतात आणि दमट हवेत घाम वाळत नाही, हे पस्तिसाव्या किलोमीटरला कळलं. मिरामारजवळ पोटरीत गोळा आला नि मी फुटपाथवरच बसलो.

गाऊनवर टॉवेल टाकून फाटकात उभ्या असलेल्या काकू, तुम्ही स्टीलच्या पेल्यात मीठ घातलेलं कोकम सरबत आणलंत. "बस रे पुता, सवकास पी." आणि सायकलवरून पाव विकणारे पोदेरदादा, सायकल स्टँडला लावून तुम्ही माझं पाऊल वर रेटून धरलंत. तुमची गिऱ्हाइकं तोवर पावाविना खोळंबली असणार!

दोघांचेही मनापासून आभार. नावं विचारायची राहिली. पेला रविवारी आणून देतो.