गाविलगडावरच्या जाळरेषेवाल्या काकांना

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. तुम्ही साधा फोटो काढू दिला नाही, तिथं नाव छापलेलं कुठून चालणार! पण परवा मित्राच्या तब्येतीचं सांगायला तुमच्या पोराला फोन केला, तेव्हा तो बोलता बोलता सांगून गेला की त्या शनिवारची तुमची हजेरी लागली नाही. जाळरेषेवर, म्हणजे जंगलातली आग अडवायला मोकळ्या केलेल्या पट्ट्यावर, माणूस दिसला नाही म्हणून. तुम्ही हे आम्हाला कधीच सांगितलं नसतं. तेव्हाच ठरवलं की तुमचे आभार फोनवर मानून भागायचं नाही, चारचौघांत मानायचे. म्हणून हे पत्र.

वाचणाऱ्यांसाठी आमची थोडी ओळख. आम्ही अंजनगाव सुर्जी तालुक्यातले, एकाच शाळेतली टोळी. आता एक कृषी केंद्र चालवतो, एक मास्तर आहे, बाकीचे संत्रा आणि कपाशीच्या मागे. तुरी घरात आल्या, कापसाची शेवटची वेचणी उरकली की दरवर्षी शनिवार-रविवार गाठून डोंगरात पायी भटकायचं, असा आमचा रिवाज. (दरवर्षी म्हणजे ज्या वर्षी हातात चार पैसे उरतात त्या वर्षी.) चिखलदऱ्याजवळचा गाविलगड मात्र राहूनच गेला होता. आमच्या गावाचं नाव इतिहासाच्या पुस्तकात आलं ते याच गडाच्या मागोमाग. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांनी गाविलगड घेतला, दोन दिवसांनी भोसल्यांनी देवगावला तह केला आणि ३० डिसेंबरला शिंद्यांनी सुर्जी अंजनगावला. या सनावळ्या पाठ करून आम्ही मार्क मिळवले. शेतातून उत्तरेला रोज दिसणारी निळी रांग तीच, हे मात्र कोणी बोट दाखवून सांगितलं नाही.

त्या शनिवारी सकाळी गाडी गडाखाली लावली आणि वर निघालो. पळस ऐन भरात होता. शार्दूल दरवाजाशी मास्तरानं आमची शाळाच घेतली. दोन तोंडांचा गंडभेरुंड, ते शार्दूल, सगळं बोट ठेवून ठेवून समजावलं. तुम्ही आम्हाला पहिल्यांदा पाहिलंत ते बहुतेक तिथंच, कारण नंतर हसत म्हणालात, "तुमचा मास्तर लय बोलते."

त्यानंतर आम्ही तटाच्या कडेकडेनं चालत होतो. वर कड्याच्या पोटाला आग्या मोहोळाची पोळी लटकलेली दिसत होती, एकेक पोळं सुपाएवढं. आम्ही चांगले दूर होतो, हळू बोलत होतो. तेवढ्यात घारीएवढं एक पाखरू पोळ्यावर झडप घालून गेलं. ते मधुबाज, हे तुम्ही नंतर सांगितलंत. आम्हाला एवढंच दिसलं की काळं पोळं एकदम थरथरलं आणि त्याचा एक तुकडा हवेत सुटला. मग जो आवाज आला तो अजून कानात आहे. कृषी केंद्रवाला सगळ्यांच्या मागे होता, अंगानं भरलेला, त्यात काळा शर्ट. माशा त्याच्यावरच बसल्या. त्यानं टोपी काढून फटकारायला सुरुवात केली आणि माशा आणखी चवताळल्या.

तेवढ्यात खालून तुमची हाक आली. "हात नोका हालवू! तोंड झाका, अन् माह्या मांगं या!"

तुम्ही आलात तेही माशांच्या अंगावरूनच. अंगावरचा दुपट्टा आमच्या मित्राच्या डोक्यावर टाकलात, त्याचा हात धरलात आणि मोकळ्या वाटेनं न पळता त्याला थेट रायमुनियाच्या (घाणेरीच्या) दाट झुडपात घुसवलंत. आम्हीही मागोमाग शिरलो. काट्यांनी हातपाय ओरबाडून निघाले. पण त्या गचपणात माशांना सरळ उडता येईना आणि त्यांचा जोर मोडला. टाकीकडे पळावं, पाण्यात उडी मारावी, असं आमच्यातल्या एकाच्या मनात आलं होतं. तुम्ही म्हणालात की माशा पाण्यावर घिरट्या घालत थांबतात आणि डोकं वर काढलं की पुन्हा तुटून पडतात.

झुडपाच्या पलीकडे निघाल्यावर दुसऱ्यानं खिशातून माचीस काढली. धूर केला की माशा जातात, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. तुम्ही त्याच्या हातातून माचीस काढून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली. "माशी चावली तं माणूस सुजते. गवत पेटलं तं रातभर डोंगर जळते." चढा आवाज नाही, राग नाही. मग मित्राला सावलीत बसवून त्याच्या मानेवरचे, कानामागचे, पापणीवरचे काटे तुम्ही नखानं एकेक करून खरवडून काढलेत. तुमच्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं. ते कातडीवर आडवं टेकवायचं, हलकेच पुढं सरकवायचं आणि निघालेला काटा मांडीला पुसायचा, असं कितीतरी वेळ चाललं होतं. "पिशवी काट्यासंगच राह्यते, तिच्यातलं इख आत जातच राह्यते," हे तुम्ही हात न थांबवता आम्हाला सांगत होता. शेवटी डबीतला चुना लावलात. डॉक्टर नंतर म्हणाले की चुन्यानं काही होत नाही, पण काटे लगेच काढले हे फार बरं केलं. दोन्ही गोष्टी लिहितो आहे, कारण तुमच्याबद्दल खोटं मोठेपण लिहिलेलं तुम्हालाच आवडणार नाही.

मित्राला उलट्या सुरू झाल्या आणि ओठ सुजायला लागले, तशी तुमची बोलण्याची पद्धत बदलली. तोपर्यंत "बसा, पाणी प्या" म्हणत होता, आता म्हणालात, "उठवा, आत्ताच जायाचं." ओठ-जीभ सुजली, श्वास लागला की घरचा उपाय करत बसायचं नाही, हे त्या क्षणी आमच्यापैकी कोणालाच सुचलं नसतं. त्याचा एक हात तुमच्या खांद्यावर, एक मास्तराच्या. आम्ही ज्या वाटेनं आलो होतो ती सोडून तुम्ही जवळच्या वाटेनं गाडीपर्यंत आणलंत आणि आमच्यासोबत गाडीत बसून चिखलदऱ्याच्या दवाखान्यातही आलात. इंजेक्शन दिलं, सलाईन लावली, रात्रभर नजरेखाली ठेवलं. सकाळी गडी चहा मागू लागला. दवाखान्याचं याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते बाहेरच्या बाकावरच्या तासाभराचं. सलाईन चालू होती आणि तुम्ही आमच्याशेजारी बसून सारखे खिडकीतून डोंगराकडे बघत होता. आम्हाला वाटलं, घरी जायची घाई असेल. तुम्ही धूर दिसतो का ते बघत होता. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत जंगलात आगीचा हंगाम. तेवढ्यापुरतं तुमचं काम. गवत कापून, पाला ओढून, ठरल्या वेळी जाळून जमिनीचा पट्टा मोकळा करायचा, म्हणजे पलीकडून आग आली तर तिला पुढं जायला काही मिळू नये. आमच्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) आम्ही उन्हाळ्यात काडीकचरा पेटवतो तेव्हा असला विचार करत नाही, हे खरं. तुम्ही सांगितलंत की आग आपोआप क्वचितच लागते. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून कोणी झाडाखालचा पाला जाळतं, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून कोणी काडी लावतं, कोणी पेटती बिडी टाकून निघून जातं. "अन् मोहा वेचणारे बी आमचेच," असंही पुढं जोडलंत. स्वतःच्या माणसांना त्यातून न वगळता हे बोलणारा माणूस आम्हाला आमच्या गावच्या चावडीवर फार भेटत नाही.

आता हजेरीबद्दल. ती कोणी कापली, कोणत्या नियमानं कापली, त्या वादात आम्हाला पडायचं नाही. ज्याच्याकडे रजिस्टर आहे त्याला वरून विचारणारा कोणीतरी असणारच. पण हे ज्यांच्या वाचनात येईल त्यांना आम्ही सगळे मिळून सांगतो की त्या शनिवारी दुपारी हा माणूस पट्ट्यावर नव्हता, कारण तो एका अनोळखी माणसाचा जीव वाचवत होता. आणि पट्टा सोडण्याआधी त्यानं पलीकडच्या पट्ट्यावरच्या जोडीदाराला हाक मारून "इकडं ध्यान ठेव" असं सांगितलं होतं, तेही आम्ही आमच्या कानांनी ऐकलं. कोणाला लेखी हवं असेल तर सगळ्यांच्या सह्यांनिशी देऊ. मास्तरानं कागद लिहूनही ठेवला आहे, त्याच्या सवयीप्रमाणे दोन पानी.

दवाखान्याच्या पायरीवर आम्ही वर्गणी काढून पैसे पुढं केले, ते तुम्ही घेतले नाहीत. "पेट्रोल टाका गाडीत, दूर जायाचं हाय तुमाले," म्हणालात आणि इथंच गावात नातेवाईकाकडे थांबतो म्हणून चालू लागलात. तुमचा दुपट्टा आमच्याच गाडीत राहिला. कृषी केंद्रवाल्याच्या आईनं तो धुऊन, घडी घालून देवघराजवळ ठेवला आहे आणि कोणाला हात लावू देत नाही. तो परत मिळेल याची खात्री देता येत नाही, नवा घेऊन येऊ.

येऊ म्हणजे होळीला. तुमच्याकडे होळीचा सण दिवस दिवस चालतो, पोरंबाया रस्त्यावर दोरी धरून गाड्या अडवतात आणि फगवा, म्हणजे होळीचे पैसे, घेतल्याशिवाय सोडत नाहीत, हे तुम्हीच बाकावर रंगवून सांगितलं होतं. होळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही तुमच्या गावच्या फाट्यावर पोचतो. पोराला सांगून ठेवा, पांढरी गाडी दिसली की दोरी आडवी धरायची आणि अजिबात सोडायची नाही. बक्षीस तुम्ही नाकारलं होतं. फगव्याला नाही म्हणता येणार नाही.

तुमचे,
अंजनगावकडचे, मोहोळातून सुटलेले सगळे