नव्या ओव्हनचा वास आणि माहितीपुस्तिकेतल्या दोन ओळी

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : नव्या इलेक्ट्रिक ओव्हनच्या वासाबद्दल दिलेल्या अपुऱ्या सूचना

महोदय/महोदया,

स. न. वि. वि.

आपल्या कंपनीचा भिंतीत बसवायचा इलेक्ट्रिक ओव्हन मी नुकताच घेतला. सुरुवातीला तो तापला की उग्र, रसायनासारखा वास सुटायचा, डोळे चुरचुरायचे आणि वास स्वयंपाकघरापुरता न राहता घरभर पसरायचा. माझ्या आईला दमा आहे, त्यामुळे आमच्यासाठी ही बाब किरकोळ नाही. पावतीची प्रत आणि ओव्हनच्या अनुक्रमांकाचा फोटो सोबत जोडला आहे.

नव्या ओव्हनला सुरुवातीला वास येतो, हे मला मान्य आहे. पत्रा कापताना आणि वाकवताना लावलेल्या तेलाचा अंश आतल्या भागांवर आणि विजेने तापणाऱ्या कॉइलवर राहतो. ओव्हनच्या भिंतींमागे उष्णता अडवण्यासाठी काचतंतूंची किंवा खनिज लोकर भरलेली असते. ते तंतू एकत्र राहावेत म्हणून त्यात राळेसारखा पदार्थ वापरतात आणि साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढे तो जळू लागतो. हे सगळे एकदाच व्हायचे असते. माझी तक्रार आहे ती याची, की हे आपल्याला पुरते ठाऊक असूनही ग्राहकापर्यंत पोचवले जात नाही.

पुस्तिकेत या विषयावर दोन ओळी आहेत. पहिल्या वापराआधी ओव्हन अर्धा तास रिकामा तापवावा आणि त्या वेळी थोडा वास येऊ शकतो, एवढेच. तापमान किती ठेवायचे, ते लिहिलेले नाही. वरची-खालची कॉइल, पंखा, ग्रिल यांपैकी काय चालू ठेवायचे, तेही नाही. मी पुस्तिकेप्रमाणेच सगळे केले. जाळ्या आणि ट्रे कोमट साबणपाण्याने धुतले, आतले पुठ्ठे, चिकटपट्ट्या आणि प्लास्टिकचा पातळ कागद काढला आणि चालू केल्यावर ओव्हन आपोआप ज्या १८० अंशांवर येतो, त्यावर अर्धा तास तापवला. वास आला, मग कमी झाला. काम झाले असे वाटले.

नंतर पंख्याच्या मोडवर पहिला पदार्थ भाजला आणि तो वास तितक्याच जोराने परत आला. पदार्थात तुपा-तेलाचा अंश होता. असा पदार्थ वास चटकन धरतो, त्यामुळे तो टाकून द्यावा लागला. पुढे ग्रिल लावले, पुन्हा तेच. मग तापमान २३० वर नेले, तेव्हा धूरही दिसला. दर वेळी मनात येई, की ओव्हनमध्येच काही बिघाड आहे.

आपल्या हेल्पलाइनवर दर वेळी एकच उत्तर मिळाले, की हे नॉर्मल आहे, वापरत राहा, आपोआप जाईल. कोणत्या मोडवर वास येतो, किती तापमानाला येतो, तो तेलकट आहे की वायर जळल्यासारखा, यातले काहीही कुणी विचारले नाही. हे मला सर्वांत गंभीर वाटते. तेलाचा आणि लोकरीचा वास प्रत्येक वापरागणिक उतरत जातो. उतरण्याऐवजी वाढत जाणारा किंवा प्लग आणि बटणांच्या पट्टीजवळून येणारा प्लास्टिक जळल्याचा वास हा वेगळाच प्रकार आहे. तिथे ओव्हन ताबडतोब बंद करून वीजपुरवठा तोडायला हवा. फोनवर बोलणाऱ्या व्यक्तीला माझा वास यांपैकी कोणता, हे कळायला मार्गच नव्हता. तरीही मला वापरत राहायला सांगण्यात आले.

एकदा लिंबाच्या फोडी घातलेले पाणी आत ठेवून उकळण्याचा सल्ला मिळाला. आतल्या भिंतीवर बसलेला वास त्याने थोडा हलका होतो, हे खरे. पण लोकर त्या भिंतीच्या पलीकडे आहे, तिथवर ही वाफ पोचणार कशी? दुसऱ्यांदा ओव्हन-क्लीनरचा फवारा मारायला सांगितले. नव्या, स्वच्छ ओव्हनमध्ये दाहक रसायन मारायचे, आणि ते नीट पुसले गेले नाही तर पुढच्या वेळी त्याचाच धूर श्वासात घ्यायचा. शिवाय आत कॅटॅलिटिक पत्रे, म्हणजे उडालेले तेल उष्णतेने आपोआप जाळणारे पत्रे, असतील तर अशा फवाऱ्याने ते निकामी होऊ शकतात. आपल्याच विभागातून असा सल्ला दिला जावा, याचे मला मनापासून वाईट वाटले.

शेवटी आपले तंत्रज्ञ घरी आले. त्यांनी पंख्यामागचे झाकण उघडून पॅकिंगचा तुकडा अडकलेला नाही ना ते पाहिले, वायरी तपासल्या आणि सगळे समजावून सांगितले. प्रत्येक कॉइलवर तेलाचा अंश असतो, म्हणून प्रत्येक कॉइल स्वतंत्रपणे तापवावी लागते. पंख्याभोवतीची गोल कॉइल वरच्या-खालच्या मोडवर तापतच नाही, ग्रिलच्या कॉइलचेही तसेच. लोकरीपर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो, म्हणून अर्धा तास पुरत नाही. आणि ओव्हन जितका तापला असेल त्याहून वर नेला, की लोकरीचा आणखी थोडा भाग पहिल्यांदाच तापतो आणि वास परत येतो. त्यांच्या सांगण्याप्रमाणे खिडक्या सताड उघडून, एक्झॉस्ट पंखा लावून, घरात जाणारे दार बंद करून आम्ही ओव्हन २५० अंशांवर रिकामा चालवला. आधी वरची-खालची कॉइल, मग पंखा, प्रत्येकी तासभर, आणि शेवटी थोडा वेळ ग्रिल. मध्ये ओव्हन थंड होऊ दिला. आईला त्या दिवशी नातेवाइकांकडे पाठवले होते. वास एकदम उतरला. आता ओव्हन खूप तापवला तरच दाराच्या वरच्या बाजूला थोडा जाणवतो.

या गृहस्थांबद्दल मला आदर आहे. त्यांनी जे दहा मिनिटांत सांगितले ते पुस्तिकेच्या एका पानावर सहज मावते. मग ते तिथे का नाही?

ते पान पुस्तिकेत यावे, ही माझी पहिली मागणी आहे. त्यात तापमान, वेळ आणि मोडचा क्रम आकड्यांत असावा. दमेकरी, तान्ही बाळे आणि घरातले पाळीव पक्षी यांना त्या वेळी दूर ठेवण्याची सूचना ठळक असावी. पक्ष्यांची श्वसनसंस्था फार नाजूक असते आणि माणसाला नुसता त्रास देणारा धूर त्यांच्या जिवावर बेतू शकतो. ज्यांनी ओव्हन आधीच घेतला आहे, त्यांनाही हे कळवावे. हेल्पलाइनवरच्या कर्मचाऱ्यांनी नॉर्मल म्हणण्याआधी वास कसा आणि कुठून येतो हे विचारलेच पाहिजे, आणि प्लास्टिक किंवा वायर जळल्यासारखा वास सांगितला गेला तर ओव्हन बंद करायला सांगून त्याच दिवशी तंत्रज्ञ पाठवला पाहिजे.

माझ्या ओव्हनपुरते म्हणाल, तर दाराच्या वरच्या बाजूचा वास आणि दाराची सील तपासण्यासाठी तंत्रज्ञ पुन्हा पाठवावेत, तपासणीचा लेखी अहवाल द्यावा, आणि दोष आढळल्यास ओव्हन बदलून द्यावा. या तपासणीचे शुल्क आकारू नये.

वरील प्रत्येक मुद्द्यावर आपण काय करणार आहात, ते मला लेखी हवे आहे. फोनवरचे उत्तर मी ग्राह्य धरणार नाही.

कळावे,

आपली,
एक ग्राहक

सोबत : पावतीची प्रत, अनुक्रमांकाचा फोटो