पहिल्यांदा बीट फिरायला निघालेल्या पोरीला

चि. मनू,

काल फोनवर म्हणालीस की सोमवारपासून बीट, म्हणजे तुझ्या वाट्याचं जंगल, फिरायचीय आणि चार ठिकाणी जीपीएस पॉइंट घेऊन रिपोर्ट भरला तरी चालतं असं तुला कोणीतरी सांगितलंय, ते ऐकल्यापासून डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहायला बसलो.

अलेक्झांडर गिब्सन हे नाव तुझ्या ट्रेनिंगमध्ये आलं असेलच. स्कॉटिश डॉक्टर, पुण्याजवळच्या दापोडीची सरकारी बाग सांभाळायचा, १८४७ ला मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. सरकारला काळजी होती जहाजांच्या सागवानाची, पण हा माणूस कोकणात फिरला आणि लिहून कळवलं की डोंगर उघडे पडले की झरे आटतात, खाड्या गाळाने भरतात. लाकूड बघायला गेला आणि पाणी बघून आला, मला हे फार मोठं वाटतं गं.

पुढे १८७८ च्या वन कायद्याने जंगलांचे राखीव, संरक्षित असे प्रकार पाडले. राखीव करायच्या आधी लोकांचे हक्क चौकशी करून नोंदवायचे हे त्या कायद्यातच होतं, तरी ठाणे-कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपाची जागा भाजायला, फांद्या तोडण्यावरून एवढी ओरड झाली की १८८५ ला सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. तुझ्या आजोबांनी पण राब भाजलाय, ऐनाच्या फांद्या, पालापाचोळा, शेण, सगळं रोपाच्या जागेवर पसरून, त्याशिवाय भाताचं रोप जोमाने येत नाही असं सांगायचे. त्यांच्यासाठी ती शेती होती आणि वनखात्यासाठी गुन्हा.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी जागेवर न जाताच जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायची मोकळी पट्टी, झाली असं लिहून दिलं, सगळेच देत होते. एप्रिलमध्ये वणवा तिथूनच आत आला आणि साताठ वर्षांचं सागाचं रोपवन गेलं. त्या राखेत चाललोय मी.

म्हणून हद्दीच्या प्रत्येक बुरुजापर्यंत, म्हणजे हद्दीच्या खुणेपर्यंत, पायी जा, तोडलेल्या झाडांची थुटं स्वतः मोज, ताजं कुठलं जुनं कुठलं ते लिही, आणि पाड्यावर म्हाताऱ्या बायांना विचार की मे महिन्यात पाणी कुठल्या झऱ्याला असतं नि पूर्वी कुठे असायचं. ते रिपोर्टच्या फॉर्ममध्ये बसत नसेल तर मागच्या पानावर लिही, पण लिही.

पाण्याच्या दोन बाटल्या घे, एक पुरत नाही.

तुझा,
बाबा