सोळा-शून्यच्या आधीचं

कोल्हापूर,
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय संज्या,

तू पाठवलेला सतरा वर्षांखालच्या फुटबॉल वर्ल्ड कपचा फोटो बघितला. बोर्डावर मोरोक्को १६, न्यू कॅलेडोनिया ०, आणि खाली तुझी ओळ, ‘असल्या टीमला वर्ल्ड कपला घेतात कशाला?’ तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण मोबाईलवर दोन ओळींत ते बसलं नसतं. दोन आठवडे मनात घोळतंय. आज रविवार, दुपार मोकळी आहे, म्हणून कागद घेऊन बसलो.

आधी मला सांग, तू दोह्यात राहतोस, स्पर्धा कतारमध्येच होती, मग त्याच्या तीन दिवस आधीची मॅच का बघितली नाहीस? याच पोरांनी जपानला शून्य-शून्यवर रोखलं होतं! जो जपान त्या गटात पहिला आला, ज्यानं मोरोक्कोला २-० हरवलं, त्याला यांच्याविरुद्ध एक गोल मारता आला नाही. सोळा गोलांची बातमी सगळीकडे फिरली. या शून्याचा फोटो मला कुणी पाठवला नाही, तूसुद्धा नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

माझं या संघाशी नातं २०१७ पासूनचं आहे. सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप आपल्याकडे भरला होता, आपला अनिकेत जाधव भारताच्या संघात होता, आणि अख्खं कोल्हापूर टीव्हीसमोर बसलं होतं. मी तेव्हा कामानिमित्त कोलकात्यात होतो, हे तुला माहीतच आहे. न्यू कॅलेडोनियाची ही पहिलीच वर्ल्ड कप स्पर्धा. पहिली मॅच गुवाहाटीला, आणि समोर कोण, तर फ्रान्स. न्यू कॅलेडोनिया हा पॅसिफिक महासागरातला बेटांचा मुलूख फ्रान्सच्याच ताब्यातला. १९९८ साली फ्रान्सनं वर्ल्ड कप जिंकला, त्या संघातला कारेम्ब्यू मूळचा इथल्याच लिफू बेटावरचा. म्हणजे बेटावर एखादा पोरगा तयार झाला की तो फ्रान्सचा होतो, आणि मागं राहिलेल्यांनी त्याच फ्रान्सशी खेळायचं. पाचव्याच मिनिटाला चेंडू यांच्याच माणसाला लागून जाळ्यात गेला. हाफटाइमला ६-०.

पण दुसरा हाफ बघ. शेवटचा निकाल ७-१. म्हणजे हाफटाइमनंतर १-१! सहा गोल खाऊन ड्रेसिंग रूममध्ये बसलेली सोळा-सतरा वर्षांची पोरं परत बाहेर आली आणि उरलेली पंचेचाळीस मिनिटं फ्रान्सला बरोबरीत खेळवून गेली. शेवटच्या मिनिटांत वाडेंजनं जो गोल केला, तो त्यांच्या संघाचा वर्ल्ड कपमधला पहिला गोल.

मग होंडुरासनं पाच घातले. आणि १४ ऑक्टोबरला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर जपान. मी तिकीट काढून गेलो होतो. सातव्या मिनिटाला जपानचा गोल झाला आणि माझ्या शेजारी बसलेले एक बंगाली आजोबा पिशवी आवरायला लागले. तासाभरानं ते पिशवी पायाशी टाकून उभे होते, दोन्ही हात डोक्यावर. ८३व्या मिनिटाला जेकोब जेनोनं बरोबरी साधली. आजोबांनी माझा दंड असा धरला की रात्री बघतो तर बोटांचे वळ. शेवटची शिट्टी झाली आणि ती पोरं कप जिंकल्यासारखी एकमेकांच्या अंगावर पडली. गटात चौथे आले, घरी गेले. एक पॉइंट घेऊन गेले.

तुला आठवीतली ती मॅच आठवते का रे? शाळांची स्पर्धा, रात्रभर पाऊस, गोलपोस्टपुढं घोटाभर चिखल, आणि तू गोलकीपर. आठ गोल झाले होते हाफटाइमला. सरांनी तुला बदलायचं ठरवलं, तर तू ग्लोव्हज काढून द्यायलाच तयार होईनास. चिखलानं बोटं सुजून घट्ट बसलेत, निघत नाहीत, असं म्हणालास. खोटं बोलत होतास, मला दिसत होतं. दुसऱ्या हाफमध्ये एकच गोल झाला. ते ग्लोव्हज काकूंनी कितीतरी वर्षं माळ्यावर ठेवले होते. त्या दिवशी गॅलरीतून कुणी ‘असल्या शाळेला खेळवतात कशाला’ म्हणालं असतं, तर मी त्याच्या अंगावर गेलो असतो. म्हणून आज तुझ्यावर चिडलोय.

आकड्यांत बघायचं तर तो सगळा मुलूख पावणेतीन लाखांहून कमी लोकांचा. आपलं एकटं कोल्हापूर शहर २०११ च्या शिरगणतीत जवळपास साडेपाच लाखांचं होतं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालमींचे संघ उतरले की गॅलरी कशी भरते, ते तुला सांगायला नको. इथं पोराला हवी तितकी तोलामोलाची मॅच पेठेतच मिळते. तिथं शेजार म्हणजे समुद्र. फिजी, वानुआतू, ताहिती, कुठंही खेळायला जायचं तर विमान लागतं. पोरटोरं गल्लीत, शाळेत चांगली खेळतात, पण मोरोक्कोचा वेग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितला तो मोरोक्कोसमोर उभं राहूनच. तो आधी कुठं बघायचा होता त्यांनी? तरी तिथल्या हिएंगेन या लहानशा गावाच्या क्लबनं २०१९ साली अख्ख्या ओशनियाचं विजेतेपद घेतलं.

आणि या सोळाच्या आधी या स्पर्धेतला सर्वांत मोठा पराभव कुणाच्या नावावर होता? न्यूझीलंडच्या. १९९७ साली स्पेननं त्यांना १३-० हरवलं होतं. तेव्हाही कुणीतरी हेच म्हणालं असेल. त्याच न्यूझीलंडचा मोठा संघ २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये इटलीशी १-१ खेळला आणि तिन्ही मॅच न हरता परतला. तेरा वर्षं लागली. तेरा वर्षं बोलवत राहावं लागतं, संज्या. २०१७ नंतर लहान संघांना दार बंद केलं असतं, तर यंदाचा तो शून्य-शून्य आला कुठून असता?

गुरुवारी मोठ्यांच्या वर्ल्ड कपच्या उरलेल्या जागांसाठीचा ड्रॉ निघालाय. न्यू कॅलेडोनियाचा मोठा संघ मार्चमध्ये मेक्सिकोत जमैकाशी प्लेऑफची मॅच खेळणार आहे. ती जिंकली तर पुढं डीआर काँगो, आणि तीही जिंकली तर थेट वर्ल्ड कप. आपल्याकडे बहुतेक पहाटे असेल. मी उठणार आहे. तुझ्याकडे अडीच तास मागं, म्हणजे तुझी झोपमोड जास्त, तरी उठ. पोराला पण उठव. त्या दिवशी तो तुझ्या शेजारी बसून गोल मोजत होता ना, त्याला ही मॅचही दाखव.

काकूंचा गुडघा आता बरा आहे. मंगळवारी जाऊन आलो. ग्लोव्हजचं विचारलं तर म्हणाल्या, बघते माळ्यावर. वहिनींना नमस्कार, छोट्याला आशीर्वाद.

तुझाच,
विन्या