‘एक्सक्लुझिव्ह मोड’ चालत नाही, तानपुरा मध्येच तुटतो

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय : आपल्या म्युझिक प्लेअरमधील दोष व वर्गणीच्या परताव्याबाबत

महोदय,

तीन महिन्यांपूर्वी मी आपल्या म्युझिक प्लेअरची वर्षाची वर्गणी, ३,६०० रुपये, भरली. घरी शास्त्रीय संगीताच्या चारशेच्या आसपास सीडी आहेत. दोन वर्षं रोज रात्री बसून त्या मी फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गमावणाऱ्या फाइलींमध्ये, उतरवून घेतल्या. फाइलमधला एकही बिट न बदलता आवाज डॅकपर्यंत (फाइलमधले आकडे ऐकू येणाऱ्या आवाजात बदलणाऱ्या यंत्रापर्यंत) पोहोचतो, असं आपली जाहिरात सांगते. त्या एका वाक्यावर विसंबून मी पैसे मोजले.

ते वाक्य खरं नाही. माझ्या डॅकच्या डिस्प्लेवर येणाऱ्या सिग्नलचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने येतात तो आकडा, किलोहर्ट्‌झमध्ये दिसतो. सीडीवरची फाइल लावली की तिथे ४४.१ यायला हवं, येतं ४८. ९६ किलोहर्ट्‌झची फाइल लावली तरी ४८च. ‘एक्सक्लुझिव्ह मोड’ (विंडोजचा मिक्सर, म्हणजे सगळ्या प्रोग्रामचे आवाज एकत्र करणारा भाग, टाळून आवाज थेट डॅककडे पाठवणारी सोय) चालू, इक्वलायझर बंद, व्हॉल्यूम पूर्ण, हे सगळं तपासलं. मग विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ४८चं ९६ केलं, तर प्रत्येक फाइलला ९६ दिसायला लागलं! म्हणजे आवाज विंडोजच्या मिक्सरमधूनच जातो आणि रेट तिथेच बदलतो. त्याच संगणकावर, त्याच केबलवर फूबार२००० हा फुकट मिळणारा प्लेअर लावला आणि त्यात विंडोजचा तसाच थेट मार्ग, ‘वासापी एक्सक्लुझिव्ह’, निवडला. आकडे फाइलप्रमाणे चोख आले. तेव्हा दोष माझ्या यंत्रणेत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. बडा ख्याल संपून छोटा ख्याल सुरू होतो, तिथे कित्येक सीडींवर ट्रॅक बदलतो, पण तानपुरे चालूच असतात. आपल्या प्लेअरमध्ये नेमकी त्या जागी क्षणभर शांतता पडते. तानपुरा तुटतो आणि द्रुत बंदिशीच्या मुखड्याचं पहिलं अक्षर गिळलं जातं. माझे वडील ८१ वर्षांचे आहेत, डोळे मिटून ऐकतात. त्या जागी दर वेळी दचकून डोळे उघडतात आणि विचारतात, “लाइट गेली का रे?” एमपी३च्या फाइलला सुरुवातीला आणि शेवटी शांततेची भर पडते, हे मान्य. फ्लॅकला ती सबब चालत नाही. पहिली फाइल संपायच्या आत पुढची तयार ठेवणं हे प्लेअरचंच काम आहे.

आपल्या मदत विभागाला तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा एकच उत्तर : सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका. दोनदा तेही केलं, फरक शून्य.

हे दोन्ही दोष पंधरा दिवसांत दूर करावेत, नाहीतर पूर्ण वर्गणी परत करावी. दुरुस्ती होईपर्यंत जाहिरातीतलं ते वाक्य काढून टाकावं. डॅकच्या डिस्प्लेचे फोटो आणि वर्गणीची पावती सोबत जोडली आहे. मुदतीत लेखी उत्तर आलं नाही, तर मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन.

कळावे,
आपला एक वर्गणीदार